पाणी न मागणारी झाडं

५ जुलै २०२३

व्यायाम करून घेणारी मुलगी आज स्कूटरवरून चिखलाने माखून आली. नाव अपेक्षा, आणि आल्या आल्या मला म्हणते, "काकू, जास्त अपेक्षा ठेवू नका." मी म्हटलं, मग तुला हाक काय म्हणून मारू? हसली बिचारी. या घरात कुणी हसलं त्याला बरेच दिवस झाले होते.

यांची उजवी बाजू गेली आहे आणि बोलणं पूर्ण बंद. एसटी चालवताना अख्ख्या गाडीशी गप्पा मारणारा हा माणूस. घरी आले की डेपोतल्या भांडणापासून माळशेज घाटातल्या माकडांपर्यंत सगळं ऐकवायचे, आणि मी भाकरी थापता थापता म्हणायचे, जरा तोंडाला कुलूप लावा हो. लागलं कुलूप. किल्ली कुठे आहे ते डॉक्टरलाही माहीत नाही.

अपेक्षा म्हणाली, "यांच्यासमोर काहीतरी हलतं ठेवा. टीव्हीकडे ते बघत नाहीत, दुसरं काहीतरी. डोळे त्याच्यामागे फिरले तर समजायचं, आत माणूस जागा आहे." मी खिडकीतून बाहेर बघितलं. मोकळं अंगण, तुळस, फाटक आणि लांब ढगात बुडालेला सिद्धगड. त्यातलं काहीच हलत नाही.

९ जुलै

पाखरं हलतात. काल सकाळी एक बुलबुल फाटकावर येऊन बसला, इकडे तिकडे बघितलं आणि निघून गेला. आमच्याकडे थांबावं असं त्याला काही मिळालं नाही.

माझ्या माहेरी, डोळखांबला, बाबांनी सगळं कुंपण अडुळशाचं केलं होतं. कडू म्हणून शेळी तोंड लावत नाही, फांदी खोचली की लागते, आणि थंडीत त्याच्या पांढऱ्या फुलांना मध प्यायला शिंजीर पाखरं नुसती लोंबकळत असतात. धायटीचंही तसंच. डोंगरउतारावर कुणी लावतं का तिला? तरी लाल फुलांनी भरते. मला अशीच झाडं हवीत. यांना पुसायचं, भरवायचं, कुशीवर वळवायचं, अंथरूण धुवायचं, त्यात दिवस जातो. माझ्याकडे काही मागणार नाहीत अशी झाडं हवीत. मागणारं एक घरात आहे.

शेजारच्या नामा भाऊजींना अडुळशाच्या फांद्या आणायला सांगितल्या. म्हणाले, "वैनी, अडुळसा खोकल्याला लावतात, पाखरांना नाय." पण आणल्या. भारा भरून आणल्या, आणि पावसात भिजत मला खोचूनही दिल्या. धायटीची चार रोपंही शेताच्या बांधावरून उपटून आणली. कोपऱ्यातली करवंदीची जाळी काढू का म्हणाले. मी म्हटलं, हात लावू नका. मे महिन्यात तिच्यावर पाखरांची जत्रा भरते.

३० जुलै

भावेशचा कल्याणहून फोन आला. मी पाखरांचं सांगितलं. म्हणाला, "आई, बाबांना माणसं ओळखू येत नाहीत, त्यांना पक्षी काय कळणार?" मग त्याने नेटवर वाचून मला अर्धा तास सांगितलं, कुठलं झाड लावावं, खाली वाटी कशी ठेवावी, पाणी किती खोल असावं. उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं. सुनेने, निशिगंधाने, कुरिअरने जास्वंदीचं रोप पाठवलं आहे. दिसायला नाजूक आहे. टिकेल असं वाटत नाही.

४ नोव्हेंबर

जास्वंद गेली. अडुळसा सगळा जगला आहे, पण पाऊस गेल्यावर माना टाकायला लागला. पहिली थंडी आणि पहिला उन्हाळा जपावं लागेल, मग आपलं आपण बघतील. सकाळ-संध्याकाळ कळशीने पाणी घालते. कळशी कंबरेवर घेऊन या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचं, पुन्हा नळाशी, पुन्हा त्या टोकाला. गुडघे कुरकुरतात.

यांची खाट खिडकीशी सरकवली. उशा लावून तोंड बाहेर करून देते. पण मी आत वळले की मान हळूहळू स्वयंपाकघराच्या दाराकडे. पुन्हा खिडकीकडे करून देते, पुन्हा तिकडेच. त्या दारातून काय दिसतं? भांड्यांची मांडणी आणि मी. पालथ्या घड्यावर पाणी.

१२ जानेवारी २०२४

आज दिवसभरात मी बोलले ते असं: यांच्याशी पुष्कळ. दूधवाल्याशी एक शब्द. मांजराला एक शिवी. फोनवर कुणीतरी कर्ज हवं का विचारत होती, तिच्याशी मी बराच वेळ बोलले. तिलाच कंटाळा आला, तिनेच ठेवला.

अडुळशाला पहिली चार-दोन फुलं आली आहेत. एक शिंजीर येऊन गेला. काळा-निळा, आमच्या अंगठ्याएवढा. मी यांच्या कानाशी ओरडले, "अहो, तो बघा, बघा तो!" माझ्याकडे बघत राहिले. शिंजीर उडाला तरी माझ्याकडेच. मी बोट बाहेर दाखवते आहे आणि हे बोटाच्या मालकिणीकडे बघतायत. रडू आलं मला. मग भात करपला, तेव्हा उठले.

१९ मार्च

नशीब कसं असतं बघा. मी आत असताना अंगणात बुलबुल, दयाळ, सातभाईंची अख्खी टोळी, कलकलाट नुसता, आणि यांची मान दाराकडे. मी कळशी घेऊन बाहेर गेले की पाखरं भुर्र. अंगण रिकामं. आणि नेमकी तेव्हाच यांची मान खिडकीकडे! आज मी धायटीला पाणी घालताना वळून बघितलं तर डोळे सरळ बाहेर. मी कळशी टाकून पळत आत आले, म्हटलं पाखरू दिसलं असेल, तर पुन्हा मान आत. त्या घटकेला बाहेर एकही पाखरू नव्हतं. असतं तर दिसलं असतं यांना. पाखरांची आणि यांची वेळच जमत नाही, आणि मध्ये मी कडमडते.

२ मे

बाईजा, नामा भाऊजींची बायको, करवंदं वेचायला आली होती. जाळीतली निम्मी पाखरांसाठी ठेवायची असा आमचा ठराव झाला आहे. ती यांच्याजवळ बसली तेवढ्यात मी झाडांना पाणी घालून घेतलं. आत आल्यावर म्हणते, "अगो, तू भायेर गेलीस का दादा तुला शोधतो."

मी म्हटलं, "मला कशाला शोधतील? चोवीस तास डोळ्यांपुढे असते."

"मी सांगतंय ना. मान लांब करतो बग."

बाईजाला सगळीकडेच काहीतरी दिसतं. मागे तिला आमच्या पपईत गणपती दिसला होता.

२० ऑक्टोबर

किती महिन्यांनी लिहिते आहे. पाऊस गेला. झाडं माझ्या डोक्याच्या वर गेली. आठ दिवस मुद्दाम पाणी तोडून बघितलं, एक पान कोमेजलं नाही. सुटले बाई मी. कळशी पालथी घातली. आता अंगणात जायचं म्हणजे फक्त कपडे वाळत घालायला, आणि तेही मी मागच्या दारी घालते, पाखरं बिचकू नयेत म्हणून. पुढच्या अंगणात पाय ठेवायचा नाही, असं ठरवूनच टाकलं आहे. यंदा पाखरं आणि हे, समोरासमोर.

३ नोव्हेंबर

दिवाळीला भावेश, निशिगंधा दोन दिवस येऊन गेले. जेवताना त्याने विषय काढला. बदलापूरकडे अशा रुग्णांना ठेवून घेणारं केंद्र आहे. नर्स असते, डॉक्टर असतो. "तू आमच्याकडे राहा. दर रविवारी तुला भेटायला नेईन. आई, तू वाळून कोळ झालीस. आणि बाबांना कळत असतं तर मी हे बोललोच नसतो. त्यांच्यासाठी हे घर काय आणि ते काय."

मुलगा वाईट नाही. त्याने यांचे पाय चेपले, डोळे पुसत पुसत चेपले. मी म्हटलं, "होळीपर्यंत थांब. थंडीत झाडं फुलतील, पाखरं येतील. एकदा जरी यांनी डोळे फिरवले तरी तू मान." तो म्हणाला, "आणि नाही फिरवले तर?" मी त्याला अजून एक करंजी वाढली.

१८ डिसेंबर

असा बहर मी माहेरीही बघितला नव्हता. अडुळशाचं कुंपण पांढरं झालं आहे, धायटीला लाल कळ्या धरल्या आहेत. शिंजिरांची जोडी, चष्मेवाल्यांचा थवा, बुलबुल तर आमचेच असल्यासारखे. मी दाराआड लपून बघते. खोकलासुद्धा पदरात खोकते.

हे बघत नाहीत. पूर्वी निदान दिवसातून दोनदा मान खिडकीकडे जायची, आता तीही नाही. तोंड सतत आत, दाराकडे. मी जबरदस्तीने हनुवटी धरून वळवली आज. डोळे मिटून घेतले यांनी.

२६ जानेवारी २०२५

अपेक्षा आली होती. टॉर्च फिरवून बघितला, चेंडू फिरवून बघितला. डोळे स्थिर. तिने माझा हात धरला आणि काही बोलली नाही. न बोलणाऱ्यांची आता या घरात भर पडत चालली आहे.

मी खिडकीबाहेर बोट दाखवून तिला म्हटलं, "हे सगळं हलतंय ना गं? की मलाच दिसतंय?" ती म्हणाली, "खूप सुंदर आहे, काकू." मग चहा न घेता गेली.

१६ फेब्रुवारी

भावेशला फोन करून "हो" सांगितलं. होळीनंतरच्या रविवारी गाडी घेऊन येईल. मी थकले आहे. हे लिहायला लाज वाटते, पण रात्री यांना कुशीवर वळवताना कधी कधी मला वाटतं, मी एका रिकाम्या घराची झाडलोट करते आहे. घरमालक केव्हाच गेला, आणि मला कुणी सांगितलंच नाही.

नामा भाऊजींना सांगितलं. ते पायरीवर टेकले. म्हणाले, "गाडी कुठवर येल? झुडपातना पायरीपरत येनार नाय." मी म्हटलं, बघू. माझं लक्ष नव्हतं.

११ मार्च

केंद्रात सगळ्यांचे कपडे एकत्र धुतात म्हणून प्रत्येक कपड्यावर नाव हवं. लाल दोरा घेऊन बसले. लग्न झाल्यापासून उखाण्याशिवाय यांचं नाव कधी घेतलं नाही. आज सुईने घेतलं. शाम, शाम, शाम. सहा बनियन, चार लुंग्या, दोन सदरे. हे दाराकडे तोंड करून माझ्याकडे बघत पडले होते. मी म्हटलं, "कळतंय का कुठे जायचंय ते?" मीच हुंदका दिला आणि मीच मला गप्प केलं.

१५ मार्च

काय लिहू.

बाईजाला यांच्याजवळ बसवून मी मुरबाडला गेले होते, केंद्राने सांगितलेली औषधं आणि नवी चादर घ्यायला. चार वाजता परत आले तर फाटकातून सरळ पायरी दिसली. अडुळसा नाही. धायटी नाही. करवंदीची जाळी नाही. जमिनीलगत नुसती खुंटं, आणि अंगण शेणाने सारवावं तसं साफ.

नामा भाऊजी कोयता धूत होते. तोंडावर आनंद. "वैनी, आता गाडी दारात येल. दादाला उचलून लय लांब न्यायला नको. आनि पाला पन वाया नाय गेला. आमच्या राबाला कमीच पडत व्हता, तो सगला राबावर टाकला."

भात पेरायच्या जागेवर शेण, पालापाचोळा, टहाळ्या पसरायच्या आणि पावसाआधी भाजायच्या, आपल्याकडे सगळेच करतात. फाल्गुनात कुणाच्या हातात कोयता असला की त्याला प्रत्येक हिरवं झाड राबाचंच दिसतं. माझीच चूक. पाणी घालत नाही, छाटत नाही, अंगणात पाऊलही टाकत नाही, मग ते झाड कुणाचं? रानाचं. आणि उद्या तर माणसंच जाणार. त्यांना वाटलं, मदत केली.

मी एवढंच म्हटलं, "विचारायचं तरी." त्यांचा चेहरा उतरला. कोयता तिथेच टाकून उभे राहिले. बाईजा ओरडली त्यांच्यावर, "तरी मी बोलत व्हते, इचारा, इचारा!"

संध्याकाळी बुलबुल आले. फाटकावर बसले, इकडे तिकडे बघितलं, निघून गेले.

१६ मार्च, रविवार

सावकाश लिहिते, सगळं नीट लिहायचं आहे.

सकाळी उठून यांना पुसलं, नवा सदरा घातला, पिशव्या भरून ओळीने ठेवल्या. मग काही करायचं उरलं नाही. मी अंगणात गेले. पाखरं बिचकण्याचा प्रश्नच नव्हता. एकेका खुंटाजवळ बसून हात लावला. कितीतरी महिन्यांनी पुढच्या अंगणात बसले होते. मग रडले, मोठ्याने रडले. पाखरांसाठी नाही. जायचं होतं म्हणून रडले.

भावेशची गाडी आली ती थेट पायरीशी. मी उठले नाही. तो माझ्या डोक्यावर हात ठेवून आत गेला. आतून पिशव्या उचलल्याचा आवाज आला, मग थांबला. मग त्याने खिडकीतून हाक मारली.

"आई, जरा फाटकापाशी जा."

"कशाला?"

"जा ना."

मला वाटलं, फाटक लावायचं असेल. गेले.

"आता तुळशीकडे ये."

आले. "आता?"

"परत फाटकाकडे जा."

"अरे, मी काय नंदीबैल आहे?"

मी चिडून खिडकीकडे बघितलं. भावेश यांच्या तोंडाजवळ वाकला होता आणि त्याचा हात स्वतःच्या तोंडावर होता. आणि हे बघत होते. खिडकीतून बाहेर. अंगणात पान नाही, पाखरू नाही, काही म्हणजे काही नाही.

मी तुळशीकडे एक पाऊल टाकलं. डोळे तिकडे आले. दोन पावलं मागे गेले. डोळे मागे आले. फाटकापर्यंत गेले, वळून बघितलं, उशीवरून मान लांब करून बघत होते, बाईजा म्हणाली होती तसे. मी पुन्हा तुळशीपाशी आले. माझ्या मागोमाग तेही आले.

मांडणीकडे कोण बघतं? दीड वर्ष मी लिहिते आहे, दारातून मांडणी आणि मी दिसते म्हणून. कळशी घेऊन बाहेर असले की बाहेर, आत असले की आत. मी पाखरांना आवतणं देत बसले. आणि पाणी तोडल्यावर अंगणात जाणंही मीच तोडलं, तेव्हा यांनी तरी खिडकीकडे कशाला बघावं? काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय.

भावेश बाहेर आला. फोन लावत लावत फाटकाबाहेर गेला. "नाही, पेशंट येणार नाही," एवढं ऐकू आलं. आत येऊन त्याने पिशव्या सोडल्या आणि सगळे बनियन पुन्हा कपाटात लावले, लाल नावं वर येतील असे. मी यांच्याजवळ बसले आणि म्हटलं, "सांगायचं नाही का?" माझं मलाच हसू आलं. सांगतच तर होते.

१७ मार्च

नामा भाऊजी सकाळी आले, पायरीवर चढेनात. "वैनी, माज्या हातना मोठा घोल झाला."

मी म्हटलं, "पाला राबावर टाकलात ना? मग भाजा व्यवस्थित. तुमचं भात तरी तरारून येऊ दे."

"पन झाडां?"

"ती येतात परत. त्यांना कुणी लावावं लागत नाही."

६ एप्रिल

अडुळशाच्या खुंटांना फूट आली. लालसर, बोटभर. धायटीलाही. करवंदी तर नुसती चिडल्यासारखी उसळून आली आहे. एवढं ऊन, फूट येईपर्यंत मी पाण्याचा थेंब घातला नव्हता, तरी.

दिवस मोठे आहेत आणि घर शांतच आहे. हे बोलत नाहीत, बोलतील असं अपेक्षाही म्हणत नाही. एका बाजूने बोलून बोलून माझा घसा बसतो. एकटं वाटायचं ते वाटतंच. पण आता वळून बघितलं की कुणीतरी बघत असतं.

बाईजा आज दुपारची फाटकाशी आली. मी कळशी कंबरेवर घेऊन फाटकाकडच्या खुंटाला पाणी घालत होते. मग नळाशी गेले, भरून तुळशीकडच्या खुंटाला. मग पुन्हा फाटकाकडे. ती बराच वेळ बघत राहिली.

"अगो, अडुलशाला कशाला पानी? त्याला लागत नाय."

मी म्हटलं, "लागतं गो."